खिडकीतून येणारा आवाज कमी करताना: आधी फटी, मग सील आणि सगळ्यांत शेवटी काच

नाशिकमध्ये मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलालगत, द्वारका परिसरात, नाशिकरोड स्टेशनजवळ किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या बाजूला राहणारी कुटुंबे रात्रीच्या आवाजाला कंटाळली की बहुधा थेट काचेच्या दुकानात जातात, जाड काच किंवा 'साउंडप्रूफ' म्हणून सांगितलेली दुहेरी काच बसवून घेतात आणि महिन्याभरात लक्षात येते की पैसे गेले, ट्रकचा आवाज मात्र तसाच राहिला. काच वाईट असते म्हणून असे होत नाही. कामाचा क्रम उलटा झाल्यामुळे हे घडते.

आवाज हवेतून येतो आणि जेथून हवा शिरते तेथून तोही शिरतो. पाच फूट बाय चार फुटांच्या, म्हणजे साधारण दीड मीटर बाय सव्वा मीटरच्या सरकत्या खिडकीचा हिशेब करून पाहा. चारही कडा आणि मधला सांधा मिळून सुमारे पावणेसात मीटर लांबी होते. या लांबीवर सरासरी फक्त दोन मिलिमीटरची फट असली, तरी उघडे क्षेत्र खिडकीच्या पाऊण टक्क्याच्या आसपास भरते. एवढ्या उघड्या क्षेत्रामुळे, उरलेल्या भागात कितीही भारी काच असली तरी, ती खिडकी २१-२२ डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. तळाला भोक असलेल्या हंड्याची भिंत जाड करून पाणी टिकत नाही, तसेच हे आहे.

अपेक्षाही आधीच ठरवून घ्याव्यात. आवाजात ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो, तर १० डेसिबलने आवाज घटला की तो कानाला साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. निवासी भागासाठी आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत (सन २०००) रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बाहेरची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि झोपण्याच्या खोलीत आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले आहे. बाहेर रस्त्यावर ७० डेसिबल असतील, तर खिडकीने निदान ३५ ते ४० डेसिबल अडवायला हवेत. घरोघरी असलेली जुनी सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी बंद असताना साधारण २० ते २५ डेसिबल अडवते. मधले अंतर कसे भरून काढायचे, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

## टप्पा १: आवाज कोणता आणि कोणत्या वाटेने येतो, हे नक्की करणे

पूर्ण घराचा विचार एकदम करू नये. झोपण्याची एक खोली निवडावी आणि त्या खोलीतच काम पुरे करून त्याचा परिणाम पाहावा.

काही रात्री वही घेऊन नोंद करावी: किती वाजता, कोणता आवाज, जाड की तीक्ष्ण. चढावर गिअर बदलणाऱ्या ट्रकची घरघर, उत्सवातल्या ढोलाचा ठेका किंवा साउंड सिस्टीमचा दणका हे जाड आवाज. हॉर्न, ब्रेकचा कर्कश आवाज, कुत्र्यांचे भुंकणे आणि माणसांचे बोलणे हे तीक्ष्ण आवाज. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण फटी बुजवल्याने तीक्ष्ण आवाज लगेच उतरतात, तर जाड आवाजासाठी वजन आणि दोन काचांमधले अंतर लागते. देवळालीकडच्या तोफखान्याच्या सरावाचे दूरचे दणके येतात तेव्हा बऱ्याचदा मूळ आवाजापेक्षा सैल तावदानांचा खडखडाटच जास्त ऐकू येतो. त्याचा उपाय तिसऱ्या टप्प्यात आहे आणि तो अगदी स्वस्त आहे.

मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपचा आकडा खरा धरू नये. मात्र तोच मोबाइल, तीच जागा आणि तीच वेळ ठेवली, तर दोन आकड्यांमधला फरक उपयोगी पडतो. पलंगाच्या उशीजवळ मोबाइल ठेवून खिडकी उघडी असताना आणि बंद असताना पाच-पाच मिनिटांची सरासरी लिहून ठेवावी. पुढची प्रत्येक तपासणी याच आकड्यांशी ताडायची आहे.

तपासणी: खिडकी बंद करून तिच्यावर आतून कापसाची जाड गादी घट्ट टेकवून उभी करावी. आवाज स्पष्टपणे उतरला, तर वाट खिडकीचीच आहे. फारसा फरक पडला नाही, तर बाथरूमची लुव्हरची खिडकी, एक्झॉस्ट फॅनचे भोक, एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेले छिद्र किंवा बाल्कनीचा दरवाजा यांपैकी कोठून तरी आवाज येत आहे, आणि खिडकीवर खर्च करण्याआधी तेथे लक्ष द्यावे. एसीच्या पाइपभोवतीचे छिद्र नुसत्या पांढऱ्या टेपने झाकलेले असते. पाइपभोवती ते लांबीने (पुट्टीने) किंवा सीलंटने, म्हणजे सांधे भरण्याच्या लवचिक लगद्याने, पूर्ण भरून घेणे, हे या सगळ्या कामातले सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वाधिक दुर्लक्षित काम आहे.

## टप्पा २: फटी शोधून त्यांवर खुणा करणे

या टप्प्याला पूर्ण संध्याकाळ द्यावी. घाईने केलेली पाहणी पुढचे सगळे काम वाया घालवते.

आधी दिवे मालवून एकाने बाहेरून, म्हणजे बाल्कनीतून किंवा तळमजला असल्यास अंगणातून, खिडकीच्या कडेकडेने टॉर्च फिरवावा आणि दुसऱ्याने आतून प्रकाशाच्या रेघा पाहाव्यात. वरच्या मजल्यावर बाहेरून जाणे शक्य नसेल, तर उदबत्तीची चाचणी करावी: पंखे बंद ठेवावेत, घरातल्या इतर खिडक्या लावून घ्याव्यात, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन सुरू करून बाथरूमचे आणि खोलीचे दार उघडे ठेवावे आणि पडदे काढून घेतल्यावर पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेवरून सावकाश फिरवावी. एक्झॉस्ट फॅन घरातली हवा बाहेर ओढतो, त्यामुळे जेथे फट असेल तेथे बाहेरची हवा आत येते आणि धूर आतल्या बाजूला वळतो. मात्र घरात गॅस गीझर असेल, तर ही चाचणी तो बंद असतानाच करावी. तिसरी चाचणी कागदाची. शटर, म्हणजे खिडकीचे तावदान, बंद करताना मध्ये कागदाची पट्टी धरावी. ती सहज ओढून निघाली, तर तेथे सील, म्हणजे फट बंद करणारी रबराची किंवा ब्रशची पट्टी, काम करत नाही.

आपल्याकडच्या तीन ट्रॅकच्या खिडकीत, म्हणजे काचेची दोन शटर आणि एक मच्छरजाळीचे शटर असलेल्या खिडकीत, फटी ठरावीक ठिकाणीच सापडतात. दोन काचेची शटर जेथे एकमेकांत अडकतात त्या इंटरलॉकच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी, ट्रॅकच्या मधोमध, बोट जाईल एवढे मोकळे भोक राहते. खिडकी लावलेली दिसते, काच चकचकीत असते, आणि या दोन भोकांतून मात्र रात्रभर रस्ता ऐकू येतो. शटर आणि वरचा ट्रॅक यांतली फट खालून नजरेस पडत नाही, म्हणून स्टुलावर चढून ती पाहावी. चौकट आणि ग्रॅनाइट किंवा कडाप्पा यांच्यामधला सांधा वरवर रंगाने झाकलेला असतो आणि आत पोकळ असतो. बोटाने ठोकून पाहिले की कळते. काच शटरमध्ये जेथे बसते तेथले रबर आखडून कोपऱ्यांत उघडे पडलेले असते.

जुन्या नाशिकमध्ये किंवा पंचवटीत लाकडी झडपांच्या खिडक्या असतील, तर झडप जेथे चौकटीला टेकते ती खाच, बिजागरीकडची बाजू आणि दोन झडपांचा मधला सांधा पाहावा.

प्रत्येक फटीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर क्रमांक टाकावा.

## टप्पा ३: सफाई आणि शटर सरळ करणे

ट्रॅकमधली माती, जुने केस, किडे आणि वाळलेला रंग आधी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने काढावेत, मग ओल्या फडक्याने पुसावे. शटरच्या खालच्या दोन्ही टोकांना चाके असतात. अनेक बनावटींमध्ये त्यांची उंची कमी-जास्त करण्याचा स्क्रू कडेच्या छिद्रातून फिरवता येतो. शटर एका बाजूला कललेले असेल, तर इंटरलॉक नीट अडकत नाही आणि वर त्रिकोणी फट पडते. चाके झिजलेली असतील तर बदलावीत. लॉक लावल्यावर शटर चौकटीकडे ओढले जात नसेल, तर लॉकची जागा सरकवून घ्यावी.

काच शटरमध्ये खडखडत असेल, तर आखडलेले रबर काढून त्याच जाडीचे नवे रबर बसवावे. खडखडाटाचा हाच उपाय आहे. वरून सिलिकॉनचा थेंब सोडणे हा उपाय नाही, कारण तो काही महिन्यांत सुटतो.

सावधान: शटर सरळ करण्यापूर्वी नवा ब्रश किंवा रबर घेऊ नये. चाकांची उंची बदलली की फटींची मापे बदलतात. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते, आणि मग जास्त उंचीच्या ब्रशमुळे शटर हलेनासे झाले की लोक तो ब्रश कात्रीने कापतात.

## टप्पा ४: चौकट आणि भिंत यांमधला सांधा भरणे

हे काम कोरड्या हवेत करावे. नाशिकच्या पावसाळ्यात प्लास्टर ओलसर असते आणि ओल्या पृष्ठभागावर सीलंट धरत नाही, म्हणून दिवाळीनंतरचे किंवा पावसाळ्यापूर्वीचे दिवस निवडावेत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही काम होते, फक्त सीलंट सुकायला जास्त वेळ लागतो.

जुने, कडक झालेले सीलंट कटरने पूर्ण काढावे. त्यावरच नवा थर दिला, तर जुन्याबरोबर तोही निघून येतो. सांधा ब्रशने झाडून अ‍ॅल्युमिनियमची बाजू स्पिरिटने पुसावी आणि दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी. फट पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असेल, तर थेट सीलंट भरता येते. त्यापेक्षा रुंद असेल, तर आधी फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, आत दाबून तिच्यावर सीलंट द्यावे. फट फार खोल आणि पोकळ असेल तर आत पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे फुगून घट्ट होणारा फेस, भरता येतो, परंतु तो वजनाने हलका असल्यामुळे एकट्याने आवाज थांबवत नाही. तो सुकल्यावर जास्तीचा भाग कापून वरून सिमेंटचा गिलावा किंवा सीलंटचा जाड थर द्यावाच लागतो. अनेक कारागीर फोम भरून वर रंग मारतात आणि काम झाले म्हणून सांगतात. ते स्वीकारू नये.

सीलंट न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही आणि धातूला व दगडाला त्रास देते. त्यावर रंगही बसत नाही, म्हणून आतल्या बाजूला रंग द्यायचा असेल तर रंग धरणारे अ‍ॅक्रिलिक सीलंट मागावे. वरची साय अर्ध्या तासात धरली तरी आतपर्यंत सुकण्याचा वेग दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच असतो, त्यामुळे दोन दिवस सांध्याला हात लावू नये.

सावधान: खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके ठेवलेली असतात. ती कधीही बुजवू नयेत. बुजवली तर पहिल्याच जोरदार पावसात ट्रॅक भरून पाणी घरात येते. उंच मजल्यावर बाहेरच्या बाजूचे काम ग्रिलवर उभे राहून स्वतः करू नये. सुरक्षा पट्टा वापरणाऱ्या कारागिराकडूनच ते करून घ्यावे.

## टप्पा ५: सरकत्या आणि उघडणाऱ्या कडांचे सील

सरकत्या शटरच्या खाचेत जो केसाळ ब्रश असतो, तो काही वर्षांत दबून सपाट होतो. जुना तुकडा कापून अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात दाखवावा, कारण पट्टीची रुंदी आणि केसांची उंची ही दोन्ही मापे जुळावी लागतात. केसांच्या मधोमध प्लास्टिकची पातळ पात असलेला ब्रश मिळाला तर तोच घ्यावा. नुसत्या केसांमधून हवा जाते, पातीमुळे ती अडते. पट्टी ताणून बसवू नये, नाहीतर ती आखडून कोपरे उघडे पडतात. इंटरलॉकच्या दोन टोकांच्या भोकांसाठी रबराचे किंवा केसाळ ठोकळे मिळतात. ते न मिळाल्यास घट्ट रबराचा तुकडा मापाने कापून, शटर सरकण्यास अडथळा होणार नाही अशा रीतीने, ट्रॅकमध्ये चिकटवावा.

झडपेच्या खिडकीला ब्रश नको. तेथे ईपीडीएम या कृत्रिम रबराची पोकळ पट्टी लावावी आणि झडप लावल्यावर ती साधारण पाव ते तृतीयांश दबेल, अशी जाडी निवडावी. अजिबात न दबणारी पट्टी निरुपयोगी असते आणि फार जाड पट्टीमुळे कडी लागत नाही, बिजागऱ्याही ओढल्या जातात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी फोमची चिकटपट्टी उन्हाने एका उन्हाळ्यात भुसभुशीत होते.

तपासणी: पुन्हा टॉर्च, उदबत्ती, कागद आणि त्यानंतर उशीजवळचे मोबाइलचे मोजमाप.

येथे काही दिवस थांबावे, असा माझा आग्रह आहे. हॉर्न आणि बोलणे यांचा त्रास असलेल्या अनेक घरांत एवढ्यानेच झोप लागू लागते आणि पुढचा खर्च वाचतो. फटी बंद झाल्यावरही ट्रकची घरघर उरली असेल, तरच पुढे जावे.

## टप्पा ६: काच बदलणे

काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला, दर चौरस मीटरला अडीच किलो असते. वजन दुप्पट झाल्यावर आवाज अडवण्याची क्षमता सिद्धांतानुसार ६ डेसिबलने वाढते, प्रत्यक्षात थोडी कमी. शिवाय प्रत्येक काच एका ठरावीक सुराला सहज थरथरते आणि तो आवाज जास्त आत सोडते. ४ मिलिमीटर काचेसाठी हा सूर सुमारे ३,००० हर्ट्झवर (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने), ६ मिलिमीटरसाठी सुमारे २,००० हर्ट्झवर आणि १२ मिलिमीटरसाठी १,००० हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणून एकसंध काच नुसती जाड करत जाण्यात पुरेसा लाभ नाही.

लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा लवचिक थर असतो आणि तो ही थरथर शोषून घेतो. ६.३८ म्हणजे ३ अधिक ३ मिलिमीटर काच आणि मध्ये ०.३८ चा थर. १०.३८ म्हणजे ५ अधिक ५. मागणी करताना 'लॅमिनेटेड' हा शब्द स्पष्टपणे लिहून घ्यावा, कारण अनेकदा त्याऐवजी टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच दिली जाते. टफन्ड काच मजबूत असते, पण आवाजाच्या बाबतीत ती त्याच जाडीच्या साध्या काचेइतकीच आहे.

दुहेरी काचेविषयी मोठा गैरसमज आहे. ४ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये १२ मिलिमीटर हवा, असा जो तयार संच मिळतो, तो उष्णतेसाठी उत्तम आहे. मात्र त्या दोन काचा आणि मधली हवा मिळून सुमारे २५० हर्ट्झच्या आसपास एकत्र थरथरतात आणि त्या पट्ट्यात रहदारीचा जाड आवाज भरपूर असतो. त्यामुळे महामार्गाच्या घरघरीसाठी हा संच ६ मिलिमीटरच्या एकेरी काचेपेक्षा फारसा सरस ठरत नाही. घ्यायचाच असेल, तर दोन्ही काचा वेगळ्या जाडीच्या आणि त्यांतली एक लॅमिनेटेड असावी.

ऑर्डर देण्यापूर्वी तपासणी: सध्याच्या शटरच्या खाचेत किती जाडीची काच बसते आणि चाके किती वजन पेलतात, हे खिडकी बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून लिहून घ्यावे. एक चौरस मीटर शटरसाठी ५ मिलिमीटरची काच साडेबारा किलोची असते, तर १०.३८ ची सुमारे २५ किलोची. सरकत्या खिडकीत एवढे वजन टाकून चाके बसली, की शटर खचते आणि तिसऱ्या टप्प्यापासूनचे सगळे काम पुन्हा करावे लागते. पूर्ण खिडकीच बदलायची असेल, तर सरकत्या खिडकीऐवजी रबरावर दाबून बसणारी झडपेची खिडकी निवडावी. लॅमिनेटेड काच आणि अखंड रबर यांसह ती नीट बसवली तर साधारण ३२ ते ३५ डेसिबल अडवते.

## टप्पा ७: आतून दुसरी खिडकी

जाड आवाजावर माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय हाच आहे आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. बाहेरची खिडकी तशीच ठेवून, तिच्या आतल्या बाजूला भिंतीच्या जाडीत दुसरी स्वतंत्र खिडकी बसवायची. दोन काचांमध्ये १०० मिलिमीटर अंतर मिळाले तर उत्तम, निदान ५० तरी हवे. बाहेर ५ मिलिमीटरची साधी आणि आत ६.३८ ची लॅमिनेटेड काच, मध्ये १०० मिलिमीटर हवा, अशी रचना केली तर एकत्र थरथरण्याचा सूर ७० हर्ट्झच्या आसपास उतरतो आणि रहदारीच्या आवाजाचा बराचसा भाग त्याच्या वर राहतो. दोन्ही खिडक्या घट्ट असतील तर एकूण ४० डेसिबलच्या आसपास पोहोचता येते.

माप घेताना खिडकीचा ओटा किती खोल आहे, बाहेरच्या शटरचे लॉक किंवा हँडल आत किती येते आणि आतली झडप उघडताना पडद्याच्या रॉडला अडते का, हे पाहावे. दोन चौकटी एकमेकींना स्क्रूने किंवा पट्टीने जोडू नयेत, कारण कंप त्या जोडातून सरळ आत येतो. मधल्या पोकळीच्या चारही कडांना कापडाने मढवलेली दाट, आवाज शोषणारी पट्टी लावल्यास आणखी लाभ होतो. आतली खिडकी उघडणारी असावी, नाहीतर मधली धूळ काढता येत नाही. हिवाळ्यात बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला दव धरू नये म्हणून आतले सील बाहेरच्यापेक्षा घट्ट ठेवावे.

बाहेरचा देखावा बदलत नसल्याने सोसायटीचा आक्षेप सहसा येत नाही, तरी काम सुरू करण्यापूर्वी लेखी कळवलेले बरे. बाहेरची खिडकी बदलायची असेल तर मात्र परवानगी आधी घ्यावी. भाड्याच्या घरात हेच तत्त्व काढता येण्याजोग्या रीतीने वापरता येते: लाकडी चौकटीवर जाड अ‍ॅक्रिलिकची शीट, कडेला रबर आणि भिंतीला चुंबकाची पट्टी.

## टप्पा ८: हवेची सोय

खिडकी घट्ट झाली की खोलीत ताजी हवा येणे थांबते. एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. घराची रस्त्यापासून दूरची बाजू, म्हणजे डक्टकडची किंवा मागच्या अंगणाकडची खिडकी, थोडी उघडी ठेवून खोलीचे दार किंचित उघडे ठेवणे हा साधा मार्ग आहे.

सावधान, आणि यात तडजोड नको: गॅस गीझर असलेल्या बाथरूमची किंवा गॅसच्या शेगडीच्या स्वयंपाकघराची हवेची वाट कोणत्याही कारणाने बुजवू नये. अपुऱ्या हवेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस काही कळण्याआधी बेशुद्ध होऊ शकतो. आवाज त्या बाथरूममधून येत असेल, तर बाथरूमच्या आतल्या दाराला कडेने रबर लावण्यापूर्वी गीझर विजेचा करून घ्यावा. तसेच ग्रिलमध्ये आपत्कालीन बाहेर पडण्याचा उघडणारा भाग असेल, तर आतल्या खिडकीमुळे तो अडता कामा नये.

## ज्यावर पैसे घालू नयेत

जाड पडद्यांमुळे खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरचा थांबत नाही. अंड्याच्या ट्रेसारख्या आकाराचा फोम काचेवर किंवा भिंतीवर चिकटवण्याचाही येथे उपयोग नाही, शिवाय तो सहज पेट घेतो. काचेवरची पातळ फिल्म ऊन अडवते, रहदारी नाही.

## देखभाल

ब्रश आणि रबर यांची पाहणी दरवर्षी दिवाळीच्या सफाईत करावी. मे महिन्याच्या अखेरीस खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते भोकांतून बाहेर जाते का, ते पाहावे. पाणी साचून राहिले तर बारीक तारेने भोके मोकळी करावीत, आणि मग त्याच वेळी इंटरलॉकच्या दोन टोकांचे ठोकळे जागेवर आहेत का, हेही बोटाने चाचपून घ्यावे.